बालसंगोपन, दत्तक आणि अठरा वर्षांनंतरचं आयुष्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात आई-वडील गमावलेली किंवा त्यांच्यापासून दुरावलेली मुलं, त्यांना सांभाळणारे आजी-आजोबा, दत्तक पालक आणि बालगृहातून बाहेर पडलेले तरुण यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक लोक दत्तकाबद्दल विचारतात. पण मूल आहे त्या घरातच टिकवणं आणि अठरा पूर्ण झाल्यावर त्याचा हात न सोडणं, या दोन गोष्टी कितीतरी जास्त मुलांना लागतात आणि त्यांच्याबद्दल फारसं कुणी विचारत नाही. म्हणून त्यांवर इथे सविस्तर लिहिलं आहे.

एसटी स्टँडवर किंवा देवळाबाहेर एकटं मूल दिसलं. आधी काय करायचं?

१०९८ या क्रमांकावर फोन करा. फोन मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही हेल्पलाइन आता सरकार चालवतं आणि ती ११२ या क्रमांकाला जोडलेली आहे. फोन लागला नाही तर जवळच्या पोलीस ठाण्यात जा. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मुलाला बाल कल्याण समितीपुढे हजर करायचं असतं. सापडलेल्या मुलाची खबर न देणं हा बाल न्याय कायद्याखाली गुन्हा आहे.

मुलाचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकू नका. हेतू चांगला असतो, पण कायद्याच्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे. शिवाय तो फोटो कुणाकुणापर्यंत पोचेल यावर तुमचा ताबा राहत नाही. कधी कधी मूल ज्याच्यापासून पळालेलं असतं त्याच्याच मोबाइलवर तो जातो.

आम्हाला सापडलेलं बाळ आम्हीच ठेवून घेऊ शकतो का?

नाही. सापडलं म्हणून हक्क येत नाही आणि दत्तकाच्या रांगेत पुढचा नंबरही मिळत नाही. त्या बाळाची आई कदाचित त्याच तालुक्यात त्याला शोधत असेल, हे आधी तपासावं लागतं.

बाल कल्याण समिती म्हणजे कोर्ट का? तिथे जायची भीती वाटते.

समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत किमान एक महिला असावीच लागते. समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत, पण तिथे आरोपी कुणी नसतो. वकील लागत नाही, फी लागत नाही. बऱ्याच जिल्ह्यांत समिती बालगृहाच्या किंवा निरीक्षणगृहाच्या आवारातच बसते. मुलाला काय वाटतं हे समितीने त्यालाच विचारायचं असतं. नेताना मुलाला खोटं सांगून नेऊ नका. ‘डॉक्टरकडे जातोय’ असं सांगून आणलेलं मूल पुढे कुणाच्याच शब्दावर विश्वास ठेवत नाही.

नवरा वारला. दोन मुलं आहेत, शेतमजुरी करते. लोक म्हणतात मुलांना आश्रमात टाक. टाकू का?

ताई, आधी हे वाचा. नुसत्या गरिबीपायी मूल आईपासून तोडायचं नाही, हे आपल्या कायद्याचं तत्त्व आहे. संस्था हा शेवटचा पर्याय आहे. बालगृहांत राहणाऱ्या कितीतरी मुलांना आई किंवा वडील असतात आणि ती मुलं दोन वेळचं जेवण, शाळा एवढ्याचसाठी तिथे असतात. ते घरी मिळालं असतं तर ती घरीच राहिली असती.

यासाठी महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. तिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलं आहे. एक पालक गमावलेली, अनाथ, आई-वडील गंभीर आजारी किंवा तुरुंगात असलेली, घटस्फोट किंवा परित्यागामुळे एकाच पालकाजवळ राहणारी मुलं यात बसतात. जातीची अट नाही. २०२३ पासून दर मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात, आधी १,१०० मिळायचे. मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत लाभ चालू राहू शकतो, मात्र मूल शाळेत जात असलं पाहिजे आणि कागदपत्रं वेळोवेळी द्यावी लागतात.

केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्व म्हणून दर महिना ४,००० रुपयांची वेगळी मदत आहे. तिला उत्पन्नाची अट आहे: ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि शहरात ९६,००० रुपयांपर्यंत. कार्यालयात दोन्ही योजनांची नावं घेऊन विचारा. एकच नाव घेतलं तर एकाच योजनेचं उत्तर मिळतं.

बालसंगोपनच्या अर्जाला काय काय लागतं?

मुलाचं आणि पालकाचं आधार कार्ड, वारलेल्या पालकाचा मृत्यू दाखला, तहसीलदाराचा उत्पन्न दाखला, रेशन कार्ड, शाळेचं बोनाफाइड, बँक पासबुकाची झेरॉक्स आणि फोटो. घराबाहेर उभं राहून काढलेला पालक-मुलांचा एकत्र फोटोही बहुतेक ठिकाणी मागतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात द्यायचा. त्यानंतर गृहचौकशी होते आणि बाल कल्याण समिती आदेश काढते. पैसे थेट बँक खात्यात येतात, म्हणून खातं आधारला जोडलेलं आहे ना हे आधी बघा. या एकाच कारणाने मंजूर झालेले पैसे महिनोन्महिने अडकतात.

अर्ज भरून द्यायचे पैसे मागणारा एजंट भेटला तर त्याला काही देऊ नका. गावातल्या अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईला सांगा. फॉर्म कुठे मिळतो हे त्यांना बहुधा माहीत असतं.

आम्ही ऊसतोडीला जातो. सहा महिने मुलांना कुठे ठेवायचं?

ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी सामाजिक न्याय विभागाची संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. बीडसारख्या जिल्ह्यात तालुक्याला चौकशी करा, आणि कोयता निघायच्या आधी करा, दसऱ्यानंतर नको. मुलीला गावात एकटी आजीजवळ ठेवायची वेळ आली तर शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि ग्राम बाल संरक्षण समितीला सांगून ठेवा. घरात कुणी नाही म्हणून मुलींची लग्नं याच महिन्यांत उरकली जातात.

कोविडमध्ये आई-वडील दोघंही गेले, त्या मुलांचं काय?

राज्य सरकारने अशा मुलांच्या नावावर ५ लाख रुपयांची मुदत ठेव ठेवली. पीएम केअर्सच्या योजनेत मूल २३ वर्षांचं झाल्यावर १० लाख रुपये मिळतात आणि १८ ते २३ या काळात दरमहा खर्चाला रक्कम मिळते. त्यातली बरीच मुलं आता अठराच्या आसपास आली आहेत. ठेवीची पावती कुणाकडे आहे आणि खात्यावर सही कुणाची चालते, हे आत्ताच बघून ठेवा. एवढी रक्कम हातात येणाऱ्या मुलाला सल्ला द्यायला नातेवाइकांपैकी पैशात स्वारस्य नसलेलं कुणीतरी शेजारी हवं.

मुलीला दिवस गेलेत, लग्न झालेलं नाही. बाळ सांभाळणं शक्य नाही.

बाळ कायदेशीरपणे समितीकडे सोपवता येतं. त्याला समर्पण म्हणतात. नाव गुप्त राहतं. सही केल्यानंतर साठ दिवस विचार बदलायची मुभा असते आणि त्या काळात बाळ परत घेता येतं. आईने बाळ उकिरड्यावर टाकायची वेळ येऊ नये यासाठी जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. तिथे आलेल्या काशीबाईंचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला आणि तो पुढे डॉक्टर झाला. म्हणजे ही वाट आपल्याकडे दीडशे वर्षांहून जुनी आहे, आणि आजच्या मुलीने ती धरली तर तिला कुणी बोल लावू नये.

मुलगी स्वतः अठराच्या आतली असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा लागू होतो. अशा वेळी लपवालपवी तिच्याच जिवावर बेतते. १०९८ ला फोन करा आणि दवाखान्यात न्या.

एखादा ओळखीचा दवाखाना ‘बाळ चांगल्या घरी देतो, तुमचा खर्चही निघेल’ म्हणाला तर तिथून उठा. मुलाची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे, आणि दवाखान्याच्या लोकांचा हात असेल तर ती तीनपासून सात वर्षांपर्यंत जाते.

दत्तक घ्यायचं आहे. सुरुवात कुठून?

केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या पोर्टलवर नोंदणी करा. कागदपत्रं चढवल्यावर तुम्ही निवडलेल्या विशेष दत्तक संस्थेची समाजसेविका घरी येते आणि गृह अध्ययन अहवाल तयार होतो. तो तीन वर्षं चालतो. मग ज्येष्ठतेप्रमाणे नंबर येतो. मुलाची माहिती आली की ते मूल राखून ठेवायला ४८ तास मिळतात. भेट, संमती, त्यानंतर मूल आधी प्रतिपालनासाठी, म्हणजे दत्तक आदेश होईपर्यंत सांभाळायला, घरी येतं आणि अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. सप्टेंबर २०२२ पासून दत्तक आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात.

शुल्क नियमात ठरलेलं आहे आणि त्याची पावती मिळते. त्यावर ‘देणगी’ मागितली तर देऊ नका आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवा.

मुलाचा वैद्यकीय अहवाल तुमच्या स्वतःच्या बालरोगतज्ज्ञाला दाखवायचा तुम्हाला हक्क आहे. ४८ तासांच्या घाईत हे सुचत नाही, म्हणून नंबर जवळ आला की डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा.

वयाची अट काय आहे? एकट्या व्यक्तीला मूल मिळतं का?

मिळतं. एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी कुणालाही दत्तक घेऊ शकते, एकट्या पुरुषाला मात्र मुलगी दत्तक मिळत नाही. जोडप्याच्या लग्नाला किमान दोन वर्षं झालेली असावीत. दोन वर्षांखालच्या बाळासाठी नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या आत आणि एकट्या पालकाचं वय ४० च्या आत लागतं. मूल मोठं तशी ही मर्यादा वाढते, आठ वर्षांवरच्या मुलासाठी ती ११० आणि ५५ आहे. पालक आणि मूल यांच्या वयात किमान २५ वर्षांचं अंतर हवं. घरात आधीच दोन मुलं असतील तर फक्त विशेष गरजा असलेलं किंवा सहसा घर न मिळणारं मूल घेता येतं, नात्यातलं किंवा सावत्र मूल असेल तर ही अट लागत नाही.

एवढी अनाथ मुलं आहेत, मग आम्हाला तीन-तीन वर्षं का थांबवतात?

हा राग आम्ही रोज ऐकतो आणि तो समजतो. पण बालगृहातलं प्रत्येक मूल दत्तक देण्याजोगं नसतं. बहुतेकांना कुणीतरी असतं, कधी न भेटणारं का होईना. समितीने चौकशी करून ‘कायदेशीररीत्या मुक्त’ ठरवलं तरच मूल दत्तक जाऊ शकतं. दोन वर्षांखालच्या मुलासाठी ही चौकशी दोन महिन्यांत आणि मोठ्या मुलासाठी चार महिन्यांत व्हायला हवी. ती रेंगाळते हे खरं आहे, आणि त्याचा दाब यंत्रणेवर आणलाच पाहिजे. मूल वर्षभर कागदात अडकलं की त्याचं घर मिळायचं वय निघून जातं.

दुसरी बाजूही आहे. जवळजवळ सगळ्यांना दोन वर्षांच्या आतलं, निरोगी बाळ हवं असतं. सात-आठ वर्षांचा मुलगा, भावंडांची जोडी, एका कानाने कमी ऐकू येणारी मुलगी, यांच्यासाठी रांगच नसते. मनाची तयारी असेल तर ही माहिती पोर्टलवर उघडून बघा. फक्त नंबर लवकर लागतो एवढ्यासाठी मोठं मूल घेऊ नका.

जात कळेल का?

नाही. आणि हा प्रश्न मनात ठाण मांडून बसला असेल तर अजून थोडं थांबा, घरातल्या मोठ्यांशी बोला. मूल घरी आल्यावर कुणीतरी आडून आडून त्याची जात काढत बसणार असेल तर ते मुलाला कळतं.

दिराचं मूल आम्ही घेतोय. शंभराच्या स्टँपपेपरवर नोटरी केली तर चालेल?

चालणार नाही. हिंदू दत्तक व पोटगी कायदा १९५६ खाली नात्यातलं मूल घेता येतं, पण त्यात प्रत्यक्ष देण्या-घेण्याचा विधी, मूल पंधराच्या आतलं असणं, घरात आधी मुलगा असेल तर दुसरा मुलगा न घेता येणं अशा अटी आहेत, आणि दत्तकपत्र नोंदणीकृत करावं. बाल न्याय कायद्याखालीही नात्यातलं दत्तक होतं. तिथे नातेवाईक म्हणजे काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. नुसत्या नोटरीवर वाढलेल्या मुलाचा प्रश्न दहावीला, पासपोर्टला किंवा वाटणीला उभा राहतो, आणि तोवर सह्या करणारे हयात नसतात.

आम्ही परदेशात असतो. भारतातून मूल घेता येईल?

भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी पालकांना निवासी भारतीयांच्या बरोबरीने क्रम मिळतो. अर्ज मात्र राहत्या देशातल्या मान्यताप्राप्त दत्तक संस्थेमार्फत करावा लागतो आणि काराचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. गावी येऊन घाईने दत्तकविधान उरकू नका. मुलाचा व्हिसा अडकतो आणि मूल इकडे, आई-वडील तिकडे अशी वेळ येते.

मूल घरी आलं आणि सगळं उलटंच झालंय. पाच वर्षांचा आहे. पोळ्या लपवतो, रात्री ओरडतो, मला जवळ येऊ देत नाही.

उशीखाली पोळी सापडणं हे आम्ही इतक्या घरांतून ऐकलं आहे की पहिल्याच भेटीत पालकांना सांगून ठेवतो. जिथे घंटेला जेवण मिळतं आणि घंटा गेली की मिळत नाही, तिथे वाढलेलं मूल पुढच्या घंटेची तरतूद करून ठेवतं. त्याला चोर म्हणू नका. त्याच्या हाताला येईल अशा फळीवर एक डबा ठेवा, त्यात शेंगदाण्याचा लाडू, चुरमुरे, केळं ठेवा आणि सांगा, ‘हा तुझा डबा, विचारायचं नाही.’ डबा रोज त्याच्यासमोर भरा. आधी तो दिवसातून तीनदा रिकामा होईल, नंतर लाडू तसाच राहायला लागेल.

आईला जवळ न येऊ देणारं मूल पुष्कळदा बाबांना किंवा आजीला बिलगतं. आईला ते फार लागतं. मुलाने आधी एक आई किंवा एक मावशी गमावलेली असते, म्हणून ते आईच्याच जागेला सगळ्यात जास्त घाबरतं. आंघोळ, जेवण, झोपवणं ही कामं पहिले काही महिने आई-बाबांनीच करावीत. पाहुण्यांची रांग लावू नका. बारसं किंवा स्वागताचा समारंभ पुढे ढकला, मूल घरात रुळू दे.

दत्तक संस्था दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी येऊन चौकशी करते. बरेच पालक त्या दिवशी घर आवरून, मुलाला नवे कपडे घालून ‘सगळं छान’ म्हणतात. तसं करू नका. ती समाजसेविका गुण द्यायला येत नाही, अडचण सांगायची तीच वेळ असते.

नाहीच जमलं तर मूल परत देता येतं का?

आदेशाआधी आणि आदेशानंतरही कायद्यात तशी प्रक्रिया आहे, आणि ती झाली की मूल दुसऱ्यांदा टाकलं गेलं असं त्याच्या मनात कायमचं बसतं. म्हणून ‘जमत नाही’ असं पहिल्यांदा वाटेल त्याच आठवड्यात संस्थेला आणि समुपदेशकाला फोन करा, सहा महिन्यांनी नको. रागाच्या भरात ‘परत पाठवीन’ हे शब्द घरात कुणीही उच्चारू नयेत, आजीनेसुद्धा नाही.

दत्तक असल्याचं कधी सांगायचं?

मूल बोलायला लागायच्याही आधीपासून. मांडीवर घेऊन, ‘आम्ही तुला आणायला गेलो तो दिवस’ ही गोष्ट सांगत राहा. सांगायचा असा एकच मोठा दिवस नसावा. ज्यांनी सोळाव्या वर्षी सांगितलं किंवा ज्यांच्या मुलाला काकूच्या भांडणात कळलं, त्या घरांत ‘अजून काय काय लपवलं’ हा प्रश्न वर्षानुवर्षं मिटत नाही. जन्मदात्या आईबद्दल वाईट बोलू नका आणि नसलेल्या गोष्टी रचूही नका. ‘तिला सांभाळणं शक्य नव्हतं, का ते आपल्याला माहीत नाही’ एवढं खरं आहे आणि मुलाला ते पेलतं.

शाळेत वंशवृक्षाचा किंवा ‘जन्माच्या वेळचा फोटो आणा’ असा प्रकल्प येतो. जूनमध्येच बाईंशी बोलून ठेवा. ‘माझ्या घरातली माणसं’ असं चित्र वर्गातली सगळीच मुलं काढू शकतात.

लोक म्हणतात, ‘किती पुण्याचं काम केलंत!’ काय उत्तर द्यायचं?

मूल शेजारी उभं असतं आणि ते ऐकत असतं, हे लक्षात ठेवून उत्तर द्या. ‘पुण्य कसलं, आम्हाला मूल हवं होतं’ एवढं पुरतं. आपण कुणाच्या पुण्याचा हिशेब आहोत असं मुलाला वाटता कामा नये.

दत्तक मुलाला वारसाहक्क मिळतो का?

आदेशाच्या दिवसापासून सर्व बाबतींत ते तुमचंच मूल. जन्मदाखल्यावर आई-वडील म्हणून तुमचीच नावं येतात.

मोठी झाल्यावर मुलीला जन्मदात्यांचा शोध घ्यायचा आहे.

अठरा पूर्ण झाले असतील तर ती स्वतः अर्ज करू शकते, त्याआधी पालकांबरोबर. संस्था तिला कुठून आणि कोणत्या परिस्थितीत आली याची माहिती देते. जन्मदात्या आईने बाळ समर्पित केलं असेल तर तिच्या गोपनीयतेचाही हक्क आहे, तिची संमती नसेल तर भेट होत नाही. तिसऱ्या व्यक्तीला पैसे देऊन शोध घ्यायला नियमात परवानगी नाही. पालकांनी याला कृतघ्नपणा समजू नये. आम्ही पाहिलं आहे की पालक बरोबर गेले तर नातं घट्टच होतं.

दत्तक नको, पण काही वर्षं मूल सांभाळायला आवडेल. तशी सोय आहे?

आहे. तिला प्रतिपालकत्व म्हणतात, बोलताना सगळे फॉस्टर केअर म्हणतात. साधारण सहा वर्षांवरची, दत्तक जाऊ न शकणारी मुलं समितीच्या आदेशाने कुटुंबात राहतात. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३५ ते ६० वयाच्या एकट्या व्यक्तीही अर्ज करू शकतात, आणि मूल दत्तकासाठी मुक्त असेल तर दोन वर्षांनंतर त्याच कुटुंबाला ते दत्तक घेता येतं. महाराष्ट्रात हे फार कमी होतं. जास्त व्हायला हवं.

अठरा पूर्ण झाले की बालगृहातून बाहेर काढतात, हे खरं आहे?

बालगृहात अठरापर्यंतच राहता येतं. बाल न्याय कायद्याच्या कलम ४६ मध्ये त्यापुढची मदत सांगितली आहे. राज्यात त्यासाठी अनुरक्षण गृहं आहेत. तिथे २१ वर्षांपर्यंत आणि विशेष कारण असेल तर २३ पर्यंत राहता येतं. मिशन वात्सल्यमधून दरमहा ४,००० रुपयांची अनुरक्षण मदतही आहे. पण हे आपोआप मिळत नाही. अठरा व्हायच्या आधीच संस्थेच्या अधीक्षकांनी आणि परिविक्षा अधिकाऱ्याने (प्रोबेशन ऑफिसरने) प्रस्ताव पाठवावा लागतो. तुमचा वाढदिवस जवळ आला असेल तर स्वतः विचारा, ‘माझा प्रस्ताव गेला का?’

जागा सगळीकडे नाहीत, मुलींसाठी तर फारच थोड्या. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत आणि अठरावा वाढदिवस डिसेंबरात, अशी मुलं असतात. अशा वेळी समितीकडे लेखी अर्ज करून शैक्षणिक वर्ष पूर्ण होईपर्यंत मुदत मागा.

बाहेर पडताना हातात काय काय असलं पाहिजे?

आधार, जन्मदाखला किंवा वयाचा पुरावा, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, अनाथ प्रमाणपत्र, अधिवास दाखला, समितीच्या आदेशांच्या प्रती, स्वतःच्या नावाचं बँक खातं, आजारांची आणि औषधांची फाइल. सगळ्याच्या दोन झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये फोटो. आधारवर संस्थेचा पत्ता असेल तर नवा पत्ता मिळेपर्यंत तो बदलू नका.

कागदांपेक्षा अवघड गोष्ट रोजच्या जगण्याची असते. पन्नास मुलांच्या आमटीला किती मीठ लागतं हे मुलीला नेमकं ठाऊक असतं, पण एकटीसाठी किती तांदूळ धुवायचे ते माहीत नसतं, कारण एका माणसाचा स्वयंपाक तिने कधी पाहिलेलाच नसतो. गॅस सिलिंडर लावणं, लोकलचा पास, पगारातून भाडं आधी बाजूला काढणं, डॉक्टरकडे एकटीने जाणं, हे नववी-दहावीपासून शिकवायला हवं. संस्थाचालकांना आमची विनंती आहे की आठवड्यातून एक दिवस मोठ्या मुलांना बाजारहाट आणि छोटा स्वयंपाक स्वतः करू द्या.

खोली भाड्याने मिळत नाही. घरमालक ‘आई-वडील कुठे असतात’ विचारतात.

हे सगळ्यांना येतं. भाडेकराराच्या फॉर्मवर कायमच्या पत्त्याची ओळ असते आणि तिथे पेन थांबतं. ओळखीच्या मोठ्या माणसाला स्थानिक पालक म्हणून बरोबर न्या, शिक्षक, संस्थेतल्या ताई, आधीचे दादा कुणीही. संस्थेकडून लेटरहेडवर ओळखपत्र घ्या. आपण अनाथ आहोत हे घरमालकाला सांगायची सक्ती नाही, सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा. दोघा-तिघांनी मिळून खोली घेणं सुरुवातीला सगळ्यात सोपं जातं.

अनाथ आरक्षण कुणाला मिळतं?

गोव्यातल्या संस्थेत वाढलेल्या अमृता करवंदे यांनी राज्यसेवेची परीक्षा दिली, पण अनाथांसाठी कोणताच प्रवर्ग नसल्याने त्यांची संधी हुकली. त्यांनी पाठपुरावा केला आणि २ एप्रिल २०१८ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात शिक्षण आणि सरकारी नोकरीत अनाथांना १ टक्का समांतर आरक्षण मिळालं. आता संस्थेत वाढलेली आणि संस्थेबाहेर नातेवाइकांकडे वाढलेली, असे दोन गट धरले जातात. अठरा पूर्ण व्हायच्या आधी दोन्ही पालक गेलेले असणं ही मूळ अट. एक पालक हयात असेल तर हे आरक्षण लागू होत नाही.

अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांमार्फत जातो आणि प्रमाणपत्र विभागीय उपायुक्त देतात. भरतीची जाहिरात आल्यावर धावपळ करू नका, त्याला वेळ लागतो. मामाकडे वाढलेल्या मुलांना आपण यात बसतो हेच पुष्कळदा ठाऊक नसतं, त्यांना सांगा.

अनाथ मुलीशी लग्न करायचं आहे. संस्थेत स्थळं मिळतात का?

संस्थेत मुलींची यादी नसते. हुंडा न घेता लग्न करतो म्हणजे उपकार करतो, अशा भावनेने येणारे पुष्कळ असतात आणि त्यांना मुली ओळखतात. काही संस्था इच्छुक मुलींच्या संमतीने, मुलाच्या घराची, पगाराची, आजाराची आणि आधीच्या लग्नाची चौकशी करून लग्न लावून देतात. ही चौकशी खटकत असेल तर येऊ नका. लग्नानंतर तिला माहेर म्हणून संस्थेत यायचं असतं आणि तिने यावं.

वाढदिवसाला बालगृहात जेवण द्यायचं आहे.

भावना मोलाची आहे, पण आधी संस्थेला विचारा. डिसेंबर-जानेवारीत एकाच दिवशी तीन ठिकाणांहून केक येतात आणि मुलांना दर वेळी टाळ्या वाजवत उभं राहावं लागतं. मुलांबरोबरचे फोटो टाकू नका, कलम ७४ इथेही लागू आहे. संस्था नोंदणीकृत आहे का तेही बघा, नोंदणीशिवाय मुलं ठेवणं गुन्हा आहे.

खरी गरज वेगळीकडे आहे. दहावीच्या मुलाला वर्षभर, दर रविवारी गणित शिकवा. गॅरेज, पार्लर, अकाउंटंटचं ऑफिस असेल तर एका मुलाला पगारी उमेदवारी द्या. बाहेर पडलेल्या मुलीच्या खोलीचं डिपॉझिट भरा. आणि दिवाळीत, कॉलेजचं वसतिगृह बंद झाल्यावर जिला जायला घर नसतं, तिला घरी बोलवा. पण एकदा बोलावलंत तर पुढच्या वर्षीही बोलवा. जमणार नसेल तर आधीच रविवारच्या शिकवणीसारखं काहीतरी निवडा. या मुलांनी येऊन जाणारी माणसं भरपूर पाहिलेली असतात.

नेमकं कुठल्या दारात जायचं?

जिल्ह्याच्या गावी जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात. बहुतेक ठिकाणी ते जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवारात किंवा प्रशासकीय इमारतीत असतं, जिल्हा बाल संरक्षण कक्षही त्याच कार्यालयाकडे असतो. सकाळी लवकर जा. मूळ कागद दाखवा, पण ठेवून देऊ नका, झेरॉक्स द्या. ‘साहेब नाहीत, उद्या या’ असं म्हटलं तर अर्ज आवक-जावक टेबलावर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊनच निघा. महिन्याभराने तोच क्रमांक सांगून विचारायचं असतं.